लाल पेशीचे रिकामे घर

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती आणि सीताबर्डीच्या मेन रोडवर नेहमीसारखी गर्दी होती. दवाखान्यात एक बाई आपल्या दहावीतल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी माझी जुनीच पेशंट आहे. तिला सिकलसेल आहे, आणि तिच्या कागदावर ‘एस एस’ असे लिहिलेले आहे. हातपाय दुखले, ताप आला, डोळे पिवळे दिसू लागले की मायलेकी येतात. त्या दिवशी दुखणे फारसे नव्हते, गोळ्या संपल्या होत्या एवढेच. मी चिठ्ठी लिहीत असताना मुलीने दप्तरातून विज्ञानाची वही काढली. वहीत पेन्सिलीने काढलेली पेशीची आकृती होती आणि बाजूला बाण काढून नावे लिहिली होती. ती म्हणाली, “सर, एक विचारू? यातलं माझं कोणतं अंगक बिघडलेलं आहे?”

तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये सिकलसेलबद्दल मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले. हा रोग लागट आहे का, लग्न करावे का, रक्त किती वेळा चढवावे लागेल, असे ते प्रश्न असतात. हा प्रश्न मात्र पहिल्यांदाच आला. तिला मी दहा मिनिटांत उत्तर दिले, पण घरी आल्यावर वाटले की ते पुरेसे झाले नाही. आपल्या भागात या आजाराचे रुग्ण आणि वाहक इतके आहेत की हे उत्तर सर्वांनीच वाचावे. म्हणून आजचा लेख.

प्रथम पेशीची ओळख करून घेऊ. १६६५ साली इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला मठातल्या साधूंच्या खोल्यांसारखे कप्पे दिसले, म्हणून त्याने ‘सेल’ हे नाव दिले. त्याने पाहिले ते मेलेल्या पेशींचे कोरडे सांगाडे होते. जिवंत पेशीच्या आत काय चालते हे कळायला पुढे तीनशे वर्षे लागली. जंतूंची पेशी म्हणजे एकाच खोलीचे घर. सगळा संसार त्या एका खोलीतच असतो. माणूस, गाय, कडुनिंब, बुरशी यांच्या पेशीत मात्र वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या खोल्या आहेत, आणि मधोमध पडद्याने वेढलेले केंद्रक आहे. अशा पेशीला पाठ्यपुस्तकात दृश्यकेंद्रकी पेशी म्हणतात, आणि आतल्या खोल्यांना अंगके.

आता एकेक खोली उघडून पाहू आणि मुलीच्या प्रश्नाचे उत्तर कोठे सापडते ते शोधू.

सुरुवात केंद्रकापासून. आपल्याकडच्या शिंप्याचे दुकान डोळ्यांसमोर आणा. मास्टरजवळ मापांची एक जाड वही असते. ती वही तो कधी कारागिराच्या हाती देत नाही. गिऱ्हाइकाचे माप चिठ्ठीवर उतरवतो आणि चिठ्ठी आत पाठवतो. केंद्रक म्हणजे ही मापांची वही ठेवण्याचे कपाट. वही डीएनएची असते. एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ केला तर जवळजवळ दोन मीटर भरेल, आणि तो ४६ गुणसूत्रांत गुंडाळून ठेवलेला असतो. अर्धी गुणसूत्रे आईकडून आलेली, अर्धी वडिलांकडून. म्हणजे प्रत्येक मापाच्या दोन नोंदी, एक आईची आणि एक वडिलांची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वहीतले माप चिठ्ठीवर उतरते. या चिठ्ठीला आरएनए म्हणतात. ती केंद्रकाच्या पडद्यातल्या छिद्रांतून बाहेर येते आणि रायबोझोम या कारागिराच्या हाती पडते. रायबोझोम चिठ्ठीवरची तीन तीन अक्षरे वाचतो आणि प्रत्येक तिकडीमागे एक अमिनो आम्ल जोडत जातो. अमिनो आम्लांची ही माळ म्हणजे प्रथिन. कोणत्या तीन अक्षरांना कोणते अमिनो आम्ल, ही भाषा उलगडण्यात आपल्या हरगोविंद खोरानांचा वाटा होता. त्यासाठी त्यांना १९६८ साली नोबेल मिळाले. रायबोझोमची घडण अणूपर्यंत उलगडणाऱ्या तिघांना २००९ साली नोबेल मिळाले. त्यांतले वेंकटरामन रामकृष्णन तामिळनाडूत जन्मले आणि बडोद्याला शिकले.

मुलीची अडचण येथे, या वहीत आहे. रक्ताला लाल रंग देणाऱ्या आणि प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये चार माळा असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा माळेचे माप अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेले असते. ही माळ १४६ मण्यांची. सिकलसेलमध्ये सहाव्या मण्याच्या मापातले एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. बाकीचे १४५ मणी जसेच्या तसे. केंद्रांकातली अक्षरे मोजली तर आईकडची तीनशे कोटी आणि वडिलांकडची तीनशे कोटी भरतात. त्यांत हा एका अक्षराचा फरक.

मुलीला मी सांगितले, “बेटा, कपाट चांगलं आहे. चिठ्ठी उतरवणारा चांगला आहे. कारागीर तर अगदी प्रामाणिक आहे, चिठ्ठीत लिहिलंय तेच तो शिवतो. वहीतच पहिल्यापासून एक अक्षर वेगळं आहे.” तिने लगेच विचारले, “मग कारागिराला चूक समजत कशी नाही?” समजत नाही हे खरे. लांडी बाही शिवायला सांगितली तर तो लांडी बाहीच शिवतो. शिंप्याचा कारागीर निदान एकदा बाहेर येऊन विचारेल, रायबोझोम तेही करत नाही.

आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी पिंड ही दोन अंगके आकृतीत फार सुंदर दिसतात. पहिले म्हणजे घड्या घातलेल्या पडद्यांचे जाळे, दुसरे म्हणजे चळतीसारख्या चपट्या पिशव्या. जो माल पेशीबाहेर पाठवायचा असतो तो या वाटेने जातो. स्वादुपिंडातले इन्सुलिन, यकृतातली रक्तद्रवाची प्रथिने, रोगाशी लढणारी प्रतिपिंडे हा सगळा माल येथे घडी होऊन, शिक्का मारून बाहेर पडतो. हिमोग्लोबिन पेशीतच राहायचे असल्यामुळे ते या वाटेला जातच नाही. म्हणून आज ही दोन दालने बाहेरूनच पाहून पुढे जाऊ.

तंतुकणिकेजवळ मात्र थांबायला हवे. तंतुकणिका पेशीचे वीजघर आहे हे शाळकरी मुलेही सांगतात. खाल्लेल्या साखरेचा एक रेणू तिच्या मदतीने जाळला की पेशीला ऊर्जेची साधारण तीस नाणी मिळतात. तंतुकणिका नसेल तर फक्त दोन. तिचा स्वतःचा थोडासा डीएनए असतो आणि तो आपल्याला फक्त आईकडून मिळतो. फार प्राचीन काळी ती स्वतंत्र जंतू असावी आणि मोठ्या पेशीच्या पोटात येऊन तिथलीच झाली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. पण तिचे आणखी एक काम आहे, आणि ते पुष्कळांना ठाऊक नसते. हिमोग्लोबिनच्या चार माळांत लोहाचा एकेक तुकडा बसवलेला असतो, त्याला हीम म्हणतात. हीम बनवण्याची पहिली पायरी तंतुकणिकेत होते, मधल्या काही पायऱ्या बाहेर, आणि शेवटची, लोह जडवण्याची पायरी पुन्हा तंतुकणिकेत.

येथे माझी एक चूक कबूल करतो. प्रॅक्टिस सुरू केली तेव्हाची गोष्ट. चार वर्षांचा एक मुलगा वारंवार येत असे. हातापायाची बोटे सुजत, तो रडून घर डोक्यावर घेई. चेहरा पांढुरका. मी ते सांधेवाताचे दुखणे समजलो आणि रक्त कमी आहे म्हणून लोहाचे टॉनिक महिनोन् महिने दिले. रक्त वाढेना म्हणून डोस वाढवला. शेवटी रक्ताची काच मागवली तेव्हा तिच्यावर विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. त्या मुलाच्या तंतुकणिकांना लोह कमी पडत नव्हते, त्या हीम नीट बनवत होत्या. कमतरता लोहाची नव्हतीच, पेशी लवकर फुटत होत्या. पेशी फुटल्या की त्यांतले लोह शरीरातच राहते. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर लोह साठून यकृताला आणि हृदयाला त्रास होतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला तपासणीत लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. त्याला रोज लागते ते फॉलिक ॲसिड, कारण नव्या पेशी भराभर घडवाव्या लागतात. त्या मुलाच्या आईबापांना मी हे पुढे समजावून सांगितले. ते रागावले नाहीत, याचे मला आजही ओशाळे वाटते.

आता लयकारिका. पाचक रसांनी भरलेल्या या लहान पिशव्या आहेत. जुने, मोडके, नको असलेले त्यांत विरघळून जाते आणि कामाचे तुकडे परत वापरायला मिळतात. बेल्जियमच्या द दूव्ह यांनी १९५५ साली त्यांचे वर्णन केले. ‘एस एस’ मुलीच्या वहीतल्या आकृतीत ही पिशवी कोपऱ्यात लहानशी काढलेली होती. पण आपल्या कथेतला सर्वात विलक्षण प्रसंग घडतो त्यात या पिशव्यांचा मोठा हात आहे.

हाडांच्या मगजात लाल पेशी जन्माला येते तेव्हा ती चारचौघींसारखीच असते. केंद्रक, रायबोझोम, तंतुकणिका, गॉल्गी, सारे काही तिच्यात असते. सुमारे आठवडाभर ती एकच काम करते, हिमोग्लोबिन बनवणे. चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या निघतात, कारागिरांना उसंत नसते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू भरतात. मग ती घर रिकामे करायला लागते. आधी केंद्रक एका बाजूला सरकते आणि पेशी ते चक्क बाहेर ढकलून देते. शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. त्यानंतर तंतुकणिका, रायबोझोम आणि बाकीचे सामान आतल्या आत जिरवले जाते. रक्तात नुकत्याच उतरलेल्या तरुण पेशीत थोडे रायबोझोम उरलेले असतात. खास निळा रंग दिला की ते जाळीसारखे दिसतात. तुमच्या रिपोर्टवर ‘रेटिक काउंट’ लिहिलेले असते ते या तरुण पेशींचे प्रमाण. एकदोन दिवसांत तेही सामान संपते. उरते ती एक लवचिक पिशवी, आणि तिच्यात हिमोग्लोबिन.

एवढा त्याग कशासाठी? जागेसाठी आणि लवचिकपणासाठी. लाल पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद असते आणि काही केशवाहिन्या तिच्यापेक्षाही अरुंद असतात. केंद्रकासारखा टणक गोळा पोटात घेऊन तेथून दुमडून जाणे कठीण. शिवाय प्राणवायू वाहणाऱ्यानेच तो वापरू नये हेही बरे. तंतुकणिका नसल्यामुळे लाल पेशी वाहून नेत असलेल्या प्राणवायूतला कणही स्वतःसाठी खर्च करत नाही, साखरेच्या त्या दोन नाण्यांवर भागवते. कोंबडी, कबुतर, बेडूक यांच्या लाल पेशीत केंद्रक टिकून असते. सस्तन प्राण्यांनी ते टाकले.

या रिकाम्या घरात राहून निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस काम करते. शरीर दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या लाल पेशी घडवते तेव्हा कोठे तोल राहतो. सिकलसेलच्या रुग्णात पेशी जेमतेम दहा ते वीस दिवस टिकते. पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी, आणि फुटलेल्या पेशींच्या रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे. अशा मुलाला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊन उपयोग नाही, ही यकृताच्या जंतूची कावीळ नव्हे.

पेशी फुटते का आणि दुखते का, ते आता सांगतो. वहीतल्या त्या एका अक्षरामुळे बसलेला व्हॅलिनचा मणी तेलकट स्वभावाचा आहे. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी होते आणि हा मणी तिच्यात जाऊन चिकटतो. त्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे करत दोरखंड वळला जातो. हे दोरखंड पेशीच्या पिशवीला आतून ताणतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. सिकल म्हणजे विळा. शाळेच्या पुस्तकात याला दात्रपेशी पांडुरोग म्हणतात, दात्र म्हणजेही विळाच. फुफ्फुसात जाऊन प्राणवायू मिळाला की दोरखंड सुटतात आणि पेशी पुन्हा गोल होते. पण वारंवार असे झाले की पिशवी कायमची वाकडी आणि कडक होते. कडक पेशी अरुंद वाहिनीत अडकतात, मागे रांग लागते, पुढच्या हाडाला, स्नायूला रक्त मिळत नाही. तीच ती असह्य कळ. हे दुखणे नाटकी नव्हे. बाहेरून सूज नसली, ताप नसला, तरी ते खरे असते. घरच्यांनी आणि आम्हा डॉक्टरांनीही त्यावर विश्वास ठेवावा.

दोरखंड वळायला थोडा वेळ लागतो, आणि तेथेच रुग्णाच्या बचावाची जागा आहे. रक्त जोमाने वाहत असेल तर दोर वळायच्या आत पेशी अरुंद वाहिनी पार करते. पाणी कमी पडले, ताप आला, थंडीने वाहिन्या आकसल्या, फार दमणूक झाली, की वेळ कमी पडतो. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा, आणि डिसेंबरात मुले थंड पाण्याने आंघोळ करतात तेव्हा, माझ्याकडे कळा घेऊन येणारे वाढतात. भरपूर पाणी, उन्हात डोके झाकणे, हिवाळ्यात कोमट पाणी, तापाकडे दुर्लक्ष न करणे, हे उपाय साधे आहेत आणि या दोरखंडावरच बेतलेले आहेत.

मुलीने विचारलेच असते असा एक प्रश्न माझ्या मनात आला. लाल पेशी केंद्रक टाकून देते, मग वाईट वहीही गेली, बरेच झाले की! पण तोपर्यंत २७ कोटी रेणू शिवून झालेले असतात. उलट कारागीर आणि वीजघर गेल्यामुळे पेशीला आता कसलीही दुरुस्ती करता येत नाही. अलीकडच्या काही वर्षांत असेही दिसून आले आहे की सिकलसेलच्या रुग्णांत काही लाल पेशींची घर रिकामे करण्याची क्रिया अपुरी राहते आणि त्यांत तंतुकणिका उरतात. नको तेथे उरलेले वीजघर प्राणवायू खाते आणि घातक कण सोडते. म्हणजे अंगक असणे जितके महत्त्वाचे तितकेच वेळेवर जाणेही. आणखी एक अवशेष आम्हाला उपयोगी पडतो. काही लाल पेशींत केंद्रकाचा ठिपका उरलेला असतो. निरोगी प्लीहा, म्हणजे पानथरी, तो काढून टाकते. रक्ताच्या काचेवर असे ठिपके दिसू लागले की समजावे, प्लीहा निकामी होत चालली आहे. प्लीहा गेली की न्यूमोनियासारखे आजार जिवावर बेततात, म्हणून या मुलांना न्यूमोकोकसची लस द्यायची आणि लहान वयात पेनिसिलिन चालू ठेवायचे.

हे सगळे आपल्याच भागात इतके का? भारतात या आजाराची नोंद प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिले. तेव्हापासून विदर्भाचे नाव या विषयाशी जोडले गेले. आदिवासी, अनुसूचित जाती, इतर मागासवर्गीय अशा अनेक समाजांत हे अक्षर आढळते, आणि त्यावरून कुजबुज करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना एवढेच सांगतो की याचे कारण जात नाही, डास आहे. ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतून दाखवून दिले की ज्याच्या दोन नोंदींपैकी एकच बदललेली आहे त्याला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. जंगलाच्या आणि धानाच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या मलेरियाने मुले नेली. त्यात हे अक्षर बाळगणारी जास्त वाचली आणि अक्षर टिकले. मलेरियाच्या पट्ट्यात कोणत्याही समाजात ते रुजू शकते. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, सगळीकडे ते आहे.

आता दोन नोंदींची गोष्ट. दोन्ही चांगल्या, तो ‘ए ए’. एक चांगली आणि एक बदललेली, तो ‘ए एस’, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या, तो ‘एस एस’, म्हणजे रुग्ण. वाहकाच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगले असते, त्यामुळे दोरखंड वळत नाही. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, औषध लागत नाही, आणि तो पुढे जाऊन रुग्ण होत नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ‘ए एस’चा कागद घेऊन वर्षानुवर्षे गोळ्या खाणारे लोक माझ्याकडे आलेले आहेत.

मुलगी वजन करायला बाजूला गेली तेव्हा आई हळूच म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हिच्या भावाचं जुळून राह्यलं. त्याचा कागद ए एस हाये. पोरीकडच्यायले सांगू का नाही सांगू? मले तं भेव वाटते, मोडन म्हून.”

मी म्हणालो, “ताई, सांगा. आणि मुलीचंही रक्त तपासून घ्या. तिचा कागद ए ए आला तर यांच्या एकाही लेकराला सिकलसेलचा आजार होणार नाही. फार तर वाहक होतील.”

“आणि तिचा बी ए एस आला तं?”

तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता रुग्ण मुलाची, चारांत दोन वाहकाची, चारांत एक पूर्ण निरोगी मुलाची. येथे लोकांचा एक गैरसमज होतो. चार मुलांपैकी एक आजारी होईल, पहिले आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे ते धरतात. तसे नसते. दर वेळी नाणी नव्याने उडतात. या मायलेकींच्याच ओळखीच्या एका घरात दोन्ही मुले ‘एस एस’ आहेत, आणि एका घरात चारांपैकी एकही नाही.

दोघेही वाहक निघाले म्हणून लग्न मोडलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. तो त्यांचा निर्णय आहे. पण डोळे उघडे ठेवून घेतलेला असावा. गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म तुकडा तपासून गर्भ ‘एस एस’ आहे की नाही हे सांगता येते. त्यासाठी दिवस राहताच डॉक्टरांना भेटायला हवे, पाचव्या महिन्यात नव्हे. त्या बाईंना मी म्हटले की कागद लपवून लग्न केले आणि पुढे मूल आजारी निघाले, तर दोष सुनेच्या माथी बसतो. हे मी पाहिले आहे. तिचा अर्धा वाटा असतो, तसा नवऱ्याचाही अर्धाच.

तपासणीविषयी थोडे. सोल्युबिलिटी ही चाचणी स्वस्त आणि झटपट आहे. रक्ताचे थेंब द्रावणात टाकले की ते गढूळ होते. पण गढूळ झाले एवढ्यावरून वाहक की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सोल्युबिलिटी चाचणी फसवी ठरते, कारण त्याच्या अंगात अजून गर्भातले हिमोग्लोबिन असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. तुमच्या गावात शिबिर आले तर हात पुढे करा आणि मिळालेला कागद जपून ठेवा. लग्नाची बोलणी करताना पत्रिकेसोबत तो कागदही पुढे ठेवायला हरकत नाही. पत्रिका जुळवण्याबद्दल मी बोलणार नाही, ते माझे क्षेत्र नाही.

गर्भातल्या हिमोग्लोबिनचा उल्लेख आला तो औषधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बाळ पोटात असताना वेगळ्या मापाची माळ वापरते, आणि ती दोरखंडात गुंतत नाही. जन्मानंतर त्या मापाचे पान मिटते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध काही प्रमाणात ते पान पुन्हा उघडते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात त्याने कळांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आणल्याचे दिसले. हे औषध मूळचे रक्ताच्या कर्करोगाचे, त्यामुळे डबीतला कागद वाचून पालक घाबरतात आणि बंद करतात. कृपा करून परस्पर बंद करू नका. मात्र ठराविक काळाने रक्त तपासत राहावे लागते, आणि मूल हवे असेल तेव्हा नवरा किंवा बायको, जो कोणी हे घेत असेल त्याने आधी डॉक्टरांशी बोलावे. वहीच दुरुस्त करण्याचे उपचारही आता निघाले आहेत. मगजातल्या मूळ पेशी काढून, गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होईल असा बदल त्यांच्या केंद्रकात करून त्या परत देतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने अशा उपचाराला मान्यता दिली. त्याची किंमत सामान्य घराच्या कल्पनेपलीकडची आहे.

दवाखान्यात थांबून चालणार नाही अशा काही वेळा असतात. १०१ च्या वर ताप, छातीत दुखून धाप लागणे, एकाएकी पांढरे पडून डाव्या कुशीत पोट फुगणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे, आणि मुलांमध्ये लिंगाला तासन् तास ताठरपणा व वेदना. यांपैकी काहीही झाले तर माझ्यासारख्याकडे वेळ न घालवता सरळ मेडिकल किंवा मेयो गाठावे. शेवटचे लक्षण लाजेने लपवले जाते, म्हणून येथे लिहिले.

मुलगी वजनाच्या काट्यावरून परत आली आणि म्हणाली, तिला एक अडचण आहे, पण सांगायला संकोच वाटतो. ती दिवसभर खूप पाणी पिते, मी तसे सांगितलेलेच आहे. पण वर्गात वारंवार बाहेर जावे लागते आणि सगळे हसतात. परीक्षेत तीन तास कसे निघतील? तिच्या आईला वाटे, पाणी कमी प्यायले की प्रश्न सुटेल. तसे नाही. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाच्या आतल्या भागातल्या बारीक वाहिन्यांनाही इजा होते आणि लघवी घट्ट करण्याची त्याची ताकद जाते. पाणी कमी प्यायले तरी लघवी पातळच येणार, अंगातले पाणी मात्र आटणार, आणि परीक्षेच्या दिवशी कळा सुरू होणार.

मी लेटरहेड पुढे ओढले आणि मुख्याध्यापकांच्या नावे पत्र लिहिले. या विद्यार्थिनीस सिकलसेल आजार असून, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. तिला वर्गात व परीक्षागृहात पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची आणि लागेल तेव्हा बाहेर जाण्याची परवानगी असावी. पंख्याखालची किंवा खिडकीजवळची जागा मिळाल्यास बरे. मुलीने पत्र वाचले आणि वहीत, पेशीच्या आकृतीच्या पानात, घडी करून ठेवले. आई म्हणाली, “भावाच्या सासरच्यायले बी असंच एक लिहून द्या ना.” मी म्हटले, ते पत्र तुम्हीच तोंडाने सांगायचे आहे, आणि मुलीच्या रक्ताच्या तपासणीसाठी चिठ्ठी मात्र लिहून दिली.